अंगठ्याएवढा डाग

मॉनिटरच्या पडद्यावरचं कुंकू वाळून त्याची खपली झाली होती. मऊ फडक्यानं हळूच पुसलं, तर वरची भुकटी तेवढी निघाली आणि खाली हळदीचा पिवळा ठिपका घट्ट बसून राहिला. पुन्हा पुसलं. ठिपका होता तिथंच. बाहेर मॅडमची गाडी मागे घेतानाचं पिप्-पिप् ऐकू आलं, म्हणजे माझ्याकडे फार तर चार मिनिटं होती.

मी ट्रेमधली स्पिरिटची बाटली उचलली, कापसाचा बोळा भिजवला, ठिपक्यावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून तीनदा गोल फिरवला. ठिपका गेला. पिवळा झालेला बोळा मी एप्रनच्या खिशात टाकला, बाटली जागेवर ठेवली आणि वळले, तर दारात गौराक्का उभ्या होत्या. हातात केरसुणी.

"मॅडम आल्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि गेल्या.

याला आता सतरा वर्षं झाली. इचलकरंजीत एका एक्स-रे सेंटरमध्ये मी टेक्निशियन होते. सेंटर डॉक्टर शिरगावे मॅडमचं. एक्स-रे मी काढायचे आणि आतल्या छोट्या अंधाऱ्या खोलीत बसून मॅडम त्यांचे रिपोर्ट सांगायच्या. त्या खोलीत जून महिन्यात नवा चपटा मॉनिटर आला होता, खास एक्स-रे बघण्यासाठीचा. जुना फुगीर काचेचा मॉनिटर तेव्हापासून माझ्या मशीनशेजारी होता, म्हणजे एक्स-रे नीट आलाय की नाही एवढं मला त्यावर बघता यायचं.

नवा मॉनिटर बसवायला पुण्याहून आलेल्या माणसानं तो पुसायचा कसा तेही मला दाखवलं होतं. आधी बंद करायचा. गार होऊ द्यायचा. मऊ फडकं घेऊन अलगद वरून खाली पुसायचं. नाहीच निघालं तर फडक्याच्या कोपऱ्याला साधं पाणी लावायचं, तेही पिळून. पाणी पडद्यावर शिंपडायचं नाही, बोटानं दाबायचं नाही. "आणि स्पिरिट तर अजिबात नको मॅडम. यावर काच नाही, पातळ लेप आहे. लेप गेला की गेला."

मी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, कालचा पोरगा मला पुसायला शिकवतोय. दहा वर्षं मी जुना पडदा रोज स्पिरिटनं लख्ख करत होते, काचेला काही झालं नव्हतं. स्वच्छता हा माझा मोठा अभिमानाचा विषय होता. कुणाच्या टेबलावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला दिसला, तरी मी चार माणसांत बोलायला कमी करायचे नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हा मला दुसऱ्यांसाठी केलेली वाटायची.

कुंकू लावलं होतं गौराक्कांनी. बावीस वर्षं त्या सेंटरची झाडलोट करत होत्या आणि दर खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा त्यांच्याच हातची व्हायची. एक्स-रे मशीन, मॅडमचा टेलिफोन, पाण्याची मोटर, माझी स्कूटी, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. नव्या मॉनिटरला त्यांनी मधोमध न लावता जरा वर, उजव्या बाजूला लावलं. "मदी लावलं तर मॅडमना दिसायचं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्यानंतरच्या सकाळी मी खोलीत गेले तेव्हा ते ओलं बोट चांगलं वाळून बसलं होतं.

मॅडम आल्या, बसल्या. मॉनिटर सुरू केला. पांढऱ्या उजेडात मला काहीच वेगळं दिसलं नाही आणि मला वाटलं, सुटले. मग त्यांनी पहिला छातीचा एक्स-रे उघडला. फुप्फुसं एक्स-रेमध्ये काळी दिसतात. त्या काळ्यावर, वर उजव्या बाजूला, एक पांढुरका ढग उमटला होता. अंगठ्याएवढा.

मॅडमनी चित्र थोडं खाली सरकवलं. ढग जागचा हलला नाही.

"उर्मिला, हे काय आहे?"

खिशातला बोळा ओला होता आणि मला तो मांडीला लागत होता. मी म्हणाले, "खंडेनवमीला गौराक्कांनी तिथं कुंकू लावलं होतं, मॅडम. त्यांनीच पुसलंय वाटतं, कशानं तरी."

ते 'वाटतं' मी मुद्दाम घातलं. पुढेमागे विचारलंच कुणी, तर मला वाटलं होतं असं म्हणता येईल.

मॅडमनी गौराक्कांना हाक मारली. त्या आल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

"गौराक्का, पडदा कशानं पुसलात?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. खोली लहान, दार लावलेलं. मी टेबलावरच्या फाइली सरळ करायला लागले.

"कुकू मी लावलं व्हतं, मॅडम," त्या म्हणाल्या.

"ते कळलं. पुसलं कशानं?"

मॅडमनी थोडी वाट बघितली आणि हात पुढे केला.

"या खोलीची किल्ली माझ्याकडे द्या. उद्यापासून इथलं उर्मिला बघेल."

गौराक्कांनी पदराची गाठ सोडली. गाठ जुनी, घट्ट बसलेली. सुटायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मला चार शब्द बोलता आले असते. मी बोलले नाही. खरं सांगते, मला नोकरीची भीती नव्हती, मॅडमनी मला काढलं नसतं. मला भीती होती ती हसं होण्याची. सगळ्यांना स्वच्छतेचे धडे देणारीनंच सांगितलेलं न ऐकता पडदा खराब केला, हे मला ऐकायचं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्या बाईची किल्ली जाऊ दिली.

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, नवा पडदा दिवाळीनंतरच मिळेल. तोपर्यंत मॅडमना त्याच पडद्यावर काम करणं भाग होतं. पहिले काही दिवस त्या प्रत्येक चित्र इकडून तिकडे सरकवून बघायच्या. ढगाखाली काही लपलेलं नाही ना, याची खात्री करायच्या. आठवड्याभरानं सरकवणं कमी झालं. डोळ्यांना डागाचीही सवय होते. चष्म्यावर ओरखडा पडला तर दोन दिवस खुपतो, मग माणूस त्याच्या पलीकडचं बघायला लागतो, तसं ते झालं.

माझं मात्र उलटं झालं होतं. खाई त्याला खवखवे. खोलीत गेले की मला पडद्यावर त्या ढगाशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. रोज मॅडम यायच्या आधी मी मॉनिटर सुरू करून बघायचे, कमी झालाय का. एकदा अंगठा समोर धरून मापलासुद्धा. तंतोतंत होता. वरची कड गोल, खालची जराशी तिरकी.

गौराक्कांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. चहा द्यायच्या, फरशी पुसायच्या, त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन फडकं फिरवायच्या आणि मागे वळायच्या. त्यांनी भांडण काढलं असतं तर मी पण भांडले असते आणि मोकळी झाले असते.

त्यांना त्या दिवसांत खोकला होता. इचलकरंजीत खोकल्याकडे कुणी लक्ष देत नाही, यंत्रमागांच्या कापसाचा फुफाटा सगळ्यांच्याच नाकातोंडात जातो. इथं जो खोकत नाही तो पाहुणा, असं आम्ही म्हणतो. पण त्यांची मुलगी कस्तुरी चिकोडीला दिलेली होती, तिचे दिवस भरत आले होते आणि गौराक्का बाळंतपणासाठी तिच्याकडे दोन महिने राहायला निघाल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी कस्तुरीला बजावलं होतं, आईला खोकला असेल तर छातीचा फोटो काढून मगच बाळाला हात लावायचा.

कुंकू पुसल्याला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. नेमकी सकाळपासून एका सूतगिरणीच्या कामगारांची तपासणी. साठ माणसं रांगेत. गौराक्का पिशवी घेऊनच आल्या होत्या, सव्वातीनची चिकोडी गाडी होती. मी त्यांना दोन कामगारांच्या मध्ये उभं केलं.

"हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा."

त्यांनी धरला आणि शेवटी खोकला आलाच.

"परत काढू का?"

"काढ की. बाळाला हात लावायचाय," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. तशाच सुरात पुढे बोलल्या, "मी आता खोकत न्हाई बघ. तोंड दाबून धरतो."

दुसऱ्यांदा घेतला. नीट आला एवढं मी कडेकडेनं बघितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तासाभरानं मॅडमनी खोलीतूनच सांगितलं, "गौराक्कांची छाती स्वच्छ आहे. चिठ्ठी देऊन टाक. जाऊ देत त्यांना, गाडी चुकेल."

चिठ्ठी हातात देताना मला बरं वाटलं. दहा-अकरा दिवसांत त्यांच्याशी पहिल्यांदा नीट बोलले. म्हणाले, "नातू झाला की कळवा."

"नात हुंदे," त्या म्हणाल्या. पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा होता, तो त्यांनी पुन्हा एकदा दाबून बसवला. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "मॅडमच्या टेबलाची धूळ बघत जा. पडद्याला तेवढा हात लावू नको."

मला ते झोंबलं. चोराच्या मनात चांदणं. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

रांग संपली तेव्हा अडीच वाजून गेले होते. साठांच्या नावावर साठ चित्रं बरोबर लागलीत ना, हे मला माझ्या जुन्या मॉनिटरवर एकेक उघडून तपासायचं होतं. सत्तावीस, अठ्ठावीस. मग गौराबाई हेरवाडे, वय छपन्न.

वर, उजव्या बाजूला, पांढुरका ढग होता.

मला वैतागच आला. आता हा डाग डोळे मिटले तरी दिसायला लागलाय, असं मनात म्हटलं आणि पुढच्या चित्रावर गेले. पुढचं चित्र स्वच्छ. त्याच्या पुढचंही स्वच्छ. माझा हात थांबला.

तो डाग आतल्या खोलीत होता. हा तो पडदा नव्हता.

मी मागे आले. गौराक्कांचं चित्र उघडलं. ओढणीच्या टोकानं काच पुसली. ढग गेला नाही. चित्र डावीकडे सरकवलं, ढगही चित्राबरोबर सरकला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

आमच्या कामात एक शिस्त असते. टेक्निशियननं एक्स-रे काढायचा, त्यात काय आहे ते बोलायचं नाही. पेशंटनं कितीही विचारलं तरी 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं. दहा वर्षांत मी ती कधी मोडली नव्हती. त्या दिवशी मी आतल्या खोलीच्या दारावर टकटक केली.

मॅडम पर्स आवरत होत्या. त्यांना मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं होतं.

"मॅडम, गौराक्कांचा एक्स-रे पुन्हा बघता का?"

"बघितला की. का?"

"डाव्या फुप्फुसात वर काहीतरी आहे." चित्रात माणूस समोर उभा असतो, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्याला उजवीकडे दिसते.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "तो पडद्याचा डाग आहे, उर्मिला. अकरा दिवस बघतेय मी तो. आणि रिपोर्ट तू कधीपासून सांगायला लागलीस?"

"माझ्या मॉनिटरवर पण दिसतोय."

"त्या डब्यावर सगळंच दिसतं. खोकल्या असतील, हललं असेल."

"दोनदा घेतला, मॅडम. दुसरा हललेला नाही."

"मी आत्ता निघाले नाही तर तिकडे पेशंट टेबलावर थांबेल. संध्याकाळी बघते."

"संध्याकाळी त्या चिकोडीत असतील. बाळंतिणीच्या घरात."

त्यांनी पर्सची चेन ओढली. मला कळत होतं, त्या हट्टानं बोलत नव्हत्या. इतके दिवस त्या जागी डाग बघून त्यांच्या डोळ्यांनी तो हिशोबातून वजा केला होता, आणि मी कितीही म्हटलं तरी त्यांना तिथं तोच दिसणार होता. तो डाग नेमका केवढा आहे हे ठाऊक असलेलं जगात एकच माणूस होतं.

"मॅडम, पडद्याचा डाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"माझ्या अंगठ्याएवढा आहे. मी केलाय तो."

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. मीच बोलत राहिले. बोळा, स्पिरिट, चार मिनिटं, सगळं. "गौराक्कांनी फक्त कुंकू लावलं. पुसलं मी. त्यांचं नाव मी खोटं सांगितलं. ते नंतर बघा मॅडम, मला काय करायचं ते करा. आधी हे उघडा."

मॅडमनी उभ्याउभ्याच चित्र उघडलं. मी पडद्याजवळ गेले आणि न टेकवता अंगठा त्या डागासमोर धरला. वरची कड गोल, खालची तिरकी. डाग पुरता झाकला गेला.

अंगठ्याच्या खालून, बाहेरच्या बाजूला, पांढुरकं काहीतरी अजून बोटभर उरलं होतं.

मॅडम खुर्चीत बसल्या. माउसनं चित्र धरलं आणि सावकाश खाली ओढलं. माझ्या अंगठ्यामागचा डाग जागेवर राहिला आणि गौराक्कांच्या फुप्फुसावरची सावली त्याच्यातून सुटी होऊन खाली आली. नंतर किती वेळा मी ते चित्र आठवलंय.

"गाडी कितीची आहे?" मॅडमनी विचारलं.

"सव्वातीन."

घड्याळात तीनला तीन कमी होते.

"जा," त्या म्हणाल्या. मी दारात पोहोचले तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी उशीर होईल म्हणून सांगत होत्या.

स्कूटीवर अजून झेंडूचं वाळलेलं फूल अडकलेलं होतं. सेंटरपासून स्टँड एरवी दहा मिनिटांचा, पण त्या दिवशी सकाळची पाळी सुटली होती आणि रस्ताभर सायकली. हॉर्न वाजवून काही उपयोग नव्हता. मी एकाला धडकले, त्यानं शिवी दिली, मी थांबले नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात सेंटर नव्हतं, किल्ली नव्हती, हसणारी माणसं नव्हती. एक न जन्मलेलं मूल आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकवणाऱ्या गौराक्का, एवढंच होतं.

स्टँडवर चिकोडीची गाडी फलाटावरून मागे निघत होती. मी स्कूटी तशीच आडवी टाकली आणि गाडीच्या पत्र्यावर हातानं बडवलं. तिसऱ्या खिडकीत गौराक्का बसल्या होत्या. मांडीवर पिशवी.

"गौराक्का, उतरा."

"का गं? काय इसरलो काय मी?"

"एक्स-रे परत काढायचाय."

"स्वच्छ हाय म्हणाल्या की मॅडम."

"नाही. नाहीये स्वच्छ. उतरा आधी."

कंडक्टर दारातून वाकला. "ओ बाई, उतरायचं असलं तर उतरा म्हणावं लवकर. घंटी दिलीय."

गौराक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं कोण जाणे, आणखी काही विचारलं नाही. उठल्या. दारापर्यंत आल्या आणि पिशवीतला डबा काढून कंडक्टरच्या हातात दिला. "चिकोडी स्टँडवर माझा जावई येतोय, निळ्या टोपीचा. त्येला द्या. आणि सांगा, लाडू आल्यात, आई मागनं येती."

गाडी गेली. धूळ बसायच्या आत मी म्हणून टाकलं. "पडदा मी खराब केला, गौराक्का. स्पिरिटनं. तुमचं नाव मी घेतलं."

त्यांना खोकला आला. पदर तोंडावर धरून त्या पुरतं खोकल्या, मग डोळे पुसले.

"गाडी उचल ती," त्या माझ्या आडव्या पडलेल्या स्कूटीकडे बघून म्हणाल्या. "पेट्रोल सांडतंय."

परत एक्स-रे काढला. थुंकी तपासली. टीबी होता, सुरुवातीचा. सहा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. नवव्या दिवशी कस्तुरीला मुलगी झाली. गौराक्कांनी ती पहिले काही महिने फक्त फोटोत बघितली, आणि फोटोसुद्धा हात धुऊन घ्यायच्या. तो नुसता फोटो आहे हे आम्ही कितीदा सांगितलं तरी ऐकायच्या नाहीत.

त्याच संध्याकाळी मॅडमनी अकरा दिवसांतले छातीचे सगळे एक्स-रे माझ्या फुगीर मॉनिटरवर पुन्हा तपासले. एकशे चौऱ्याऐंशी. मी शेजारी उभी राहून एकेक उघडत होते आणि प्रत्येक वेळी वर उजवीकडे बघायचं माझं धाडस होत नव्हतं. आणखी कुणाचं काही निघालं नाही. शेवटचं चित्र बंद झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी सरकवून बघायचं सोडलं." त्यापेक्षा त्यांनी मला एक मुस्कटात दिली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी गौराक्कांना किल्ली परत दिली. मला काढलं नाही. पण पुढे बरेच महिने खोलीत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते योग्यच होतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. नवा पडदा बसून वर्ष होत आलं होतं. गौराक्कांचं औषध संपलं होतं, अंगावर थोडं मांस आलं होतं, चिकोडीला दोन महिने राहून नातीला अंगाखांद्यावर खेळवून त्या परतल्या होत्या. तबक घेऊन त्या आतल्या खोलीत आल्या तेव्हा मी एकटीच तिथं होते. वर्षभर जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"गौराक्का, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं ना? मी पुसलंय ते?"

"स्पिरिटचा वास मला कळत न्हाई व्हय? दवाखान्यातली फरशी पुसण्यात जन्म गेला माझा."

"मग मॅडमनी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी निरांजनाची वात पुढे सारली. "मी बोललो असतो तर तू न्हाई म्हणाली असतीस. मग तुला कायमचं न्हाईच म्हणत बसाय लागलं असतं."

मी टेबलावरची फाइल उगाच सरळ केली.

"तू सांगशील म्हणून थांबलो," त्या म्हणाल्या. "उशीर लावलास. पर सांगितलंस."

मग त्यांनी हळदीत बोट बुडवलं, पडद्याकडे नेलं, आणि मध्येच थांबून मॉनिटरच्या खालच्या स्टँडला लावलं. त्यावर कुंकू. पडद्याला काही लागू दिलं नाही. मी मान खाली घालून बघत होते. तेवढ्यात त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरून ओढला, मूठ उघडली आणि अंगठ्यावर हळद लावली, हळदीवर कुंकू लावलं, आणि वर झेंडूची एक पाकळी चिकटवली. तबक उचलून मोटरच्या पूजेला गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी हात धुतला नाही.